रविवारी कॅम्पाविरुद्ध : आपला खेळ खेळायचा की मागे बसायचे?

सातपूरकर (गुरुवार, सायंकाळी ७.१५)

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आपल्या मैदानावर देवळाली कॅम्पाच्या संघाशी फुटबॉलचा सामना आहे. हा सामना कितव्या फेरीचा आहे याला फारसा अर्थ नसतो, कारण कॅम्पाकडून हरल्यावर पुढचे सहा महिने बिटको चौकात चहाला थांबले की कोणी ना कोणी हटकतोच. मागच्या वर्षभरात आपण त्यांच्याशी दोनदा खेळलो आणि दोन्ही वेळा हरलो, एकदा २-१ असे आणि एकदा १-० असे. दोन्ही वेळा चेंडू बराच काळ आपल्याच पायांत होता, प्रेक्षकांनी आपल्या पासिंगला टाळ्याही दिल्या आणि शेवटी हात हलवत घरी आलो.

त्यांचे तिन्ही गोल एकाच साच्यातले होते. त्यांचा ४ नंबर, जो राइट बॅक खेळतो, तो उजव्या बाजूने पुढे येतो, सात-आठ पावले धावतो आणि थ्रो (रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकणे) थेट आपल्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, टाकतो. त्यांचा उंच सेंटर फॉरवर्ड जवळच्या खांबापाशी त्याला डोके लावून चेंडू मागे वळवतो आणि मागून धावत आलेला कोणीतरी तो जाळ्यात ढकलतो. हे सगळ्या मैदानाला ठाऊक आहे, फक्त आपल्या बॅकना ते दर वेळी नव्याने कळते.

माझे मत स्पष्ट आहे. या एका सामन्यापुरती आपण आपली ४-३-३ ची (चार बॅक, तीन हाफ, तीन फॉरवर्ड) रचना सोडावी, पाच बॅक आणि त्यांच्यापुढे चार हाफ उभे करावेत आणि आपला वेगवान ७ नंबर पुढे एकटा ठेवावा. चेंडू त्यांनाच देऊन टाकावा, कारण चेंडू पायात असला की काय करायचे हे त्यांना फारसे उमगत नाही. आपण प्रतिहल्ल्यावर एक गोल काढू शकतो. तुम्हाला काय वाटते?

डावा पाय (गुरुवार, सायंकाळी ७.५०)

सातपूरकर, तुमचे निदान बरोबर आहे, पण औषधाने रोग वाढेल. त्यांचे हत्यार थ्रो आहे, हे मान्य. आता थ्रो मिळतो कसा ते पाहा. आपण मागे बसलो की त्यांचे हल्ले आपल्या डीच्या आसपास होणार, आपले बॅक घाईने चेंडू बाहेर मारणार, आणि तो बाहेर जाणार तो आपल्याच कॉर्नरच्या झेंड्याजवळून. पाच बॅक म्हणजे चेंडू बाहेर मारणारे पाच जण. मागच्या दोन सामन्यांत त्यांना असे लांब थ्रो मोजके मिळाले असतील. तुमच्या योजनेत त्यांना दर दोन-तीन मिनिटांनी एक मिळेल. त्यापेक्षा चेंडू त्यांच्या अर्ध्या भागात ठेवावा. तिथून त्यांचा ४ नंबर कितीही जोरात फेको, आपल्या गोलीला जांभई देण्यापलीकडे काही काम उरणार नाही.

मिसळप्रेमी (गुरुवार, रात्री ८.०५)

पाच बॅक उभे करायचेच असतील तर पांडवलेण्यातून मागवावेत. निदान उंचीचा प्रश्न तरी सुटेल.

फुलबॅक (गुरुवार, रात्री ८.२०)

मी स्वतः या संघात लेफ्ट बॅक खेळत होतो, म्हणून त्या बाजूची अडचण सांगतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की बॅकने चेंडू बाहेर मारू नये, खेळता ठेवावा. आपल्या मैदानावर दक्षिणेच्या भिंतीलगतचा पट्टा काळ्या मातीचा आहे आणि पावसाळा संपल्यावर तिथे भेगा पडतात. रोड रोलर फिरवून त्या बुजवल्या तरी चेंडू टप्पा पडून कुठे उसळेल याचा भरवसा नसतो. मागच्या वर्षी तिथे एक साधा पास अडवताना चेंडू माझ्या नडगीवरून उडून थेट त्यांच्या विंगरच्या पायात गेला होता. अशा जागी बॅकने चेंडू बाहेर मारला तर त्याला दोष देऊ नये. पासिंग करायचेच असेल तर रस्त्याच्या बाजूने करावे, तिथे मुरूम टाकलेला आहे आणि चेंडू सरळ घरंगळतो.

शिट्टी (गुरुवार, रात्री ९.१०)

मी जिल्ह्यात बरीच वर्षे पंच म्हणून काम करतो. रविवारचा सामना माझ्याकडे नाही, म्हणूनच इथे लिहिण्याचे धाडस करतो आहे. थ्रोविषयीच्या नियमांत आपल्या खेळाडूंचा नेहमी घोटाळा होतो.

पहिली गोष्ट म्हणजे थ्रोवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड (बचावफळीच्या पलीकडे आधीच उभे राहून चेंडू घेण्याची बंदी) नसते. आपले बॅक थ्रोच्या वेळी हात वर करून पुढे सरकतात आणि लाइन्समनकडे पाहत राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे. तो हात वर करण्याचा वेळ त्यांनी उडी मारण्यात घालवावा. मात्र उंच खेळाडूने डोक्याने चेंडू वळवला की त्या क्षणापासून ऑफसाइड पुन्हा लागू होते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट, थ्रोवरून थेट गोल होत नाही. फेकलेला चेंडू कोणालाही न लागता आपल्या जाळ्यात गेला तर आपल्याला गोलकिक मिळते. परंतु गोलीच्या बोटाचा स्पर्श झाला तर तो गोल धरला जातो. सप्टेंबर २००२ मध्ये बर्मिंगहॅम सिटी आणि ॲस्टन व्हिला या एकाच शहरातल्या दोन संघांच्या सामन्यात व्हिलाच्या मेलबर्गने स्वतःच्याच गोलीकडे थ्रो टाकला, एन्केलमन या गोलीचा पाय चेंडू अडवताना चुकला आणि चेंडू जाळ्यात गेला. त्याचा बूट लागला असे पंचांनी ठरवले आणि गोल दिला. लागला नसता तर तो केवळ कॉर्नर ठरला असता. व्हिला ३-० असे हरले आणि त्या स्पर्शावर अजूनही वाद चालतो.

तिसरे म्हणजे थ्रो घेणाऱ्यापासून किमान दोन मीटर दूर उभे राहावे लागते. समोर उड्या मारणे आणि हात हलवून लक्ष विचलित करणे यासाठी पिवळे कार्ड मिळते. २००८-०९ च्या हंगामात स्टोक सिटीचा रॉरी डेलप असेच लांब थ्रो फेकत असे. हल सिटीचा बदली खेळाडू डीन विंडास त्याच्यासमोरच अंग गरम करण्याचे व्यायाम करू लागला आणि मैदानात न उतरताच कार्ड घेऊन बसला. आपल्या राखीव खेळाडूंना ही कल्पना सुचू नये म्हणून आधीच सांगतो.

मिसळप्रेमी (गुरुवार, रात्री ९.१४)

शिट्टी सर, कल्पना तुम्हीच दिलीत.

सातपूरकर (गुरुवार, रात्री ९.४५)

डेलपचे उदाहरण निघाले ते बरे झाले. त्याच हंगामात १ नोव्हेंबर २००८ रोजी स्टोकने आर्सेनलला २-१ असे हरवले आणि स्टोकचे दोन्ही गोल डेलपच्या थ्रोवरून झाले. आर्सेनलइतके सुंदर पासिंग तेव्हा इंग्लंडमध्ये क्वचितच कोणी करत असेल. म्हणजे चेंडू आपल्याकडे ठेवला की थ्रो मिळत नाही हा डावा पाय यांचा सिद्धान्त तिथेही टिकला नाही. नव्वद मिनिटांत दोन थ्रो पुरले. उलट मागे बसून मोठे सामने जिंकल्याचे दाखले आहेत. २८ एप्रिल २०१० रोजी प्रशिक्षक मोरिन्होच्या इंटर मिलानचा मोट्टा बार्सेलोनाच्या मैदानावर अठ्ठाविसाव्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, दहा जणांनी उरलेला सामना स्वतःच्या डीसमोर काढला आणि ते अंतिम फेरीत गेले.

डावा पाय (गुरुवार, रात्री १०.०५)

तो सामना इंटर १-० असे हरले होते, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. उपांत्य फेरीच्या दोन सामन्यांपैकी पहिला ३-१ असा खिशात होता, म्हणून ३-२ या बेरजेवर ते पुढे गेले. आपल्या खिशात रविवारी काय असणार आहे? नाशिकरोडपर्यंतच्या रिक्षाचे भाडे.

सातपूरकर (गुरुवार, रात्री १०.१२)

मग २००४ च्या युरो स्पर्धेतला ग्रीस घ्या. प्रशिक्षक रेहागेल यांच्या संघाने अंतिम सामन्यात पोर्तुगालला पोर्तुगालमध्येच १-० असे हरवले, आणि तो गोल कॉर्नरवर डोक्याने मारलेला होता. मागची बेरीज वगैरे काही नव्हती.

डावा पाय (गुरुवार, रात्री १०.२०)

ग्रीसकडे कॉर्नरवर डोके लावणारा खारिस्तेआस होता. आपल्याकडे डोके लावू शकणारा एकच गडी आहे आणि तुमच्या योजनेत तो पाचवा बॅक आहे.

कोल्हापूरचा जावई (शुक्रवार, सकाळी ७.३०)

मी नाशिकचा असलो तरी सासुरवाडी कोल्हापूरची असल्यामुळे पेठांची चुरस म्हणजे काय ते शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाहिलेले आहे. तिथे सामन्याच्या आदल्या रात्री जेवणाच्या ताटावरही रचना मांडल्या जातात. माझ्या सासऱ्यांनी एकदा भाकरीचे तुकडे बॅक म्हणून आणि कांद्याच्या फोडी फॉरवर्ड म्हणून ठेवल्या होत्या, आणि तांबडा रस्सा सांडल्यामुळे सगळी मधली फळी वाहून गेली.

रचनेचा अभिमान किती महागात पडतो याचे आपल्या देशातले मोठे उदाहरण कोलकात्याचे आहे. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर आले. सॉल्ट लेकच्या मैदानावर एक लाख एकतीस हजारांच्या आसपास माणसे होती. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी त्या हंगामात आपली ‘डायमंड’ रचना आणली होती आणि तिची चर्चा सगळीकडे होती. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांची थट्टाही केली होती. ईस्ट बंगालकडे प्रशिक्षक म्हणून पी. के. बॅनर्जी होते. निकाल ४-१ असा ईस्ट बंगालच्या बाजूने लागला आणि ज्या बायचुंग भुतियाची थट्टा झाली होती त्याने हॅटट्रिक केली.

यातून मागे बसावे असेही निघत नाही आणि पुढे जावे असेही निघत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की ‘आपला खेळ’ म्हणून आपण जो शब्द वापरतो, त्यात समोरचा संघ कुठे आहे? दत्तांची रचना इतरांपुढे चालली होती. त्या दिवशी समोर कोण उभे आहे, हे बॅनर्जींनी अधिक पाहिले असे मला वाटते. कॅम्पाचा ४ नंबर थ्रो फेकायला पुढे येतो तेव्हा त्याची मागची जागा कोण सांभाळतो, हे कोणी पाहिले आहे का?

फुलबॅक (शुक्रवार, सकाळी ८.०२)

जावईबापू, प्रश्न लाखमोलाचा आहे. उत्तर असे की कोणीच सांभाळत नाही. त्यांचा उजवा हाफ डीमध्ये दुसऱ्या चेंडूसाठी जातो, आणि ४ नंबर थ्रो टाकून धापा टाकत परत धावतो.

जुना सेंटर हाफ (शुक्रवार, सकाळी १०.४०)

मंडळी, सगळे वाचले. गुडघे गेल्यामुळे आता मी फक्त कट्ट्यावर बसून खेळतो, तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

ऐंशीच्या दशकात आम्ही देवळालीला तोफखान्याच्या जवानांशी सराव सामने खेळायला सायकलने जात असू. ती माणसे पहाटे धावून आलेली असत आणि आम्ही सायकल हाणून आलेलो, त्यामुळे दमसास दोघांचा सारखाच गेलेला असे, एवढाच काय तो आमचा फायदा. त्यांच्यात एक सरदार खेळाडू होता, तो थ्रो असा टाकायचा की चेंडू वरून खाली यायला वेळ लागतो आहे असे वाटायचे. पहिल्या तीन सामन्यांत आम्ही त्या उंच चेंडूकडे पाहत राहिलो आणि मार खाल्ला. चौथ्या वेळी आमच्या प्रशिक्षकांनी चेंडूकडे पाहण्याचे काम एकाला दिले आणि बाकी सगळ्यांना माणसांकडे पाहायला सांगितले.

त्यामागचे कारण असे आहे. कॉर्नरचा चेंडू लाथेच्या जोराने येतो, त्यामुळे नुसते कपाळ आडवे धरले तरी तो वेगाने जाळ्याकडे जातो. हाताने फेकलेला, कमान घेऊन आलेला चेंडू मंद असतो. त्यावर हेडर मारणाऱ्याला सगळा जोर स्वतःच्या मानेतून द्यावा लागतो. डेलपचे थ्रो सपाट आणि जोराचे असत, ती गोष्ट वेगळी. कॅम्पाच्या ४ नंबरचे थ्रो उंच जातात. म्हणून त्यांच्या उंच फॉरवर्डने मारलेला पहिला हेडर आपल्याला मारत नाही, त्याने मागे वळवलेला दुसरा चेंडू मारतो. सातपूरकरांनीच लिहिले आहे की तिन्ही गोल मागून आलेल्याने ढकलले. मग पाचवा बॅक कशाला हवा? उंच फॉरवर्डच्या पुढे एक आणि मागे एक असे दोघे चिकटवावेत, पुढच्याने उडी मारायची आणि मागच्याने त्याला मोकळे मागे सरकू द्यायचे नाही. तिसऱ्या माणसाने पेनल्टीच्या ठिपक्यावर उभे राहून फक्त त्या दुसऱ्या चेंडूची वाट पाहायची. चेंडू आला की तो उचलून आपल्या डाव्या बाजूला मारायचा, कारण जिथून त्यांचा राइट बॅक उठून आलेला आहे ती जागा तीच.

७ नंबर कुठे खेळवायचा याचे उत्तरही यातच आहे. तो आजवर उजवीकडे खेळला. रविवारी त्याला डावीकडे ठेवावा आणि थ्रोच्या वेळी मागे बोलावूच नये. तो अर्ध्या रेषेवर उभा दिसला की त्यांच्या ४ नंबरला फेकताना एक डोळा मागे ठेवावा लागेल.

जागा बदलली म्हणून खेळाडू बिघडत नाही. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये जर्नेल सिंग या बॅकच्या डोक्याला टाके पडले होते, तरी भारताचे प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवला. त्याने उपांत्य सामन्यातही गोल केला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही. आपण २-१ असे जिंकून सुवर्णपदक आणले. आपल्या ७ नंबरला तर फक्त मैदानाची एक बाजू बदलायची आहे.

सातपूरकर (शुक्रवार, सकाळी ११.१५)

काका, पाचव्या बॅकचा हट्ट मी सोडला असे अजून म्हणत नाही, पण ७ नंबर पुढेच ठेवायचा हे माझ्याही योजनेत होते, एवढे नोंदवून ठेवतो.

डावा पाय (शुक्रवार, सकाळी ११.२१)

नोंदवले. पण ७ नंबरचा डावा पाय फक्त उभे राहण्यासाठी आहे, हे माझ्या नावाला स्मरून सांगतो. डावीकडून तो क्रॉस टाकणार कसा?

जुना सेंटर हाफ (शुक्रवार, सकाळी ११.३०)

क्रॉस कोणाला टाकायचा? डीमध्ये आपले कोणी पोहोचलेलेच नसणार. त्याने आत वळून उजव्या पायाने मारावे.

गोलीची आई (शुक्रवार, दुपारी २.१०)

नमस्कार. मला रचनेतले काही कळत नाही, पण मी प्रत्येक सामन्याला गोलच्या मागे सतरंजी टाकून बसते, त्यामुळे माझ्या मुलाला काय दिसते तेच मलाही दिसते. आपले मैदान पूर्व-पश्चिम आखलेले आहे. पश्चिमेच्या गोलमध्ये उभे राहिले की सकाळचे ऊन सरळ डोळ्यांत येते. मागच्या सामन्यात त्याने एक हात कपाळावर धरला होता आणि दुसरा चेंडूसाठी वर केला होता, आणि लोक म्हणाले की गोली झोपला होता. आपल्या कर्णधाराने नाणेफेक जिंकली तर पहिल्या हाफमध्ये पूर्वेचा गोल मागून घ्यावा, म्हणजे ऊन पाठीशी राहील, अशी माझी विनंती आहे. दुसऱ्या हाफपर्यंत सूर्य थोडा तरी वर येतो.

शिट्टी (शुक्रवार, दुपारी २.४०)

ताई, सूचना अगदी योग्य आहे. नाणेफेक जिंकणाऱ्याला कोणत्या गोलवर हल्ला करायचा ते ठरवता येते, किंवा २०१९ पासून त्याऐवजी किक-ऑफही घेता येते. आपले कर्णधार दर वेळी सवयीने किक-ऑफ घेतात आणि बाजू समोरच्याला देऊन टाकतात. गोलीला टोपी घालण्याची परवानगी नियमातच आहे, तीही वापरावी.

द्राक्षबाग (शुक्रवार, रात्री ८.३०)

मी दिंडोरीकडचा. जानेवारीत पहाटे पाचला बागेत उभा असतो, त्यामुळे दव या विषयावर बोलायचा अधिकार मला आहे असे समजतो. ताईंच्या सूचनेवर मी दिवसभर विचार केला आणि उलट्या निष्कर्षाला आलो. कृपया रागावू नये.

आपला गोली पश्चिमेच्या गोलमध्ये असतो तेव्हा कॅम्पवाले पश्चिमेकडे हल्ला करतात, म्हणजे त्यांचा उजवा हात उत्तरेला, रस्त्याच्या बाजूला येतो. ती बाजू मोकळी आहे आणि ४ नंबरला हवी तेवढी पावले धावता येतात. गोली पूर्वेच्या गोलमध्ये असतो तेव्हा त्यांची उजवी बाजू दक्षिणेला येते. तिथे भिंत रेषेपासून दोन-तीन पावलांवर आहे. तिथे त्याने उभ्याउभ्या फेकले तर चेंडू जवळच्या खांबापर्यंतही पोहोचणार नाही. म्हणजे धोक्याचा हाफ एकच, पश्चिमेचा.

आता तो धोक्याचा हाफ आपल्याला केव्हा हवा? आठ वाजता गवत ओले असते, चेंडू ओला होतो आणि हातांतून निसटतो. स्टोकच्या मैदानावर डेलपसाठी रेषेलगत टॉवेल ठेवत असत, ते याचसाठी. पावणेनऊपर्यंत दव उडते आणि चेंडू कोरडा होतो. मग मोकळी बाजू आणि कोरडा चेंडू या दोन्ही गोष्टी एकाच हाफमध्ये त्यांच्या हाती का द्याव्यात? आपण पहिल्या हाफमध्येच पश्चिमेचा गोल घ्यावा. ओल्या चेंडूने त्यांनी मोकळ्या बाजूने फेकावे, आणि चेंडू कोरडा झाला की भिंतीशी जाऊन उभे राहावे.

उन्हाचेही पाहिले. या दिवसांत सूर्य थेट पूर्वेला नसतो, दक्षिणेकडे सरकलेला असतो. उत्तरेकडून येणारा थ्रो पाहताना गोलीचे तोंड ईशान्येला असते आणि ऊन त्याच्या उजव्या कानशिलावर पडते. डोळ्यांत येते ते समोरून मारलेल्या चेंडूच्या वेळी, आणि कॅम्पवाले लांबून फारसे मारत नाहीत.

फुलबॅक (शुक्रवार, रात्री ८.५५)

आज कामावरून परतताना मुद्दाम मैदानावर थांबून दक्षिणेची जागा पावलांनी मोजली. रेषेपासून भिंत माझ्या तीन पावलांवर आहे, आणि मध्ये कोणीतरी जुन्या गोलचा गंजलेला आडवा खांब टाकून ठेवला आहे. तो उचलून टाकावा, हे सामन्याशी संबंध नसतानाही सांगतो. कोणाच्याही पायात येईल. धावण्याची सोय मात्र तिथे खरोखर नाही.

डावा पाय (शुक्रवार, रात्री ९.०५)

एक शंका आहे. दुसऱ्या हाफमध्ये तो चालत डाव्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडे, येऊन फेकणार नाही कशावरून?

जुना सेंटर हाफ (शुक्रवार, रात्री ९.२०)

यावे. राइट बॅक मैदान ओलांडून पलीकडच्या रेषेवर गेला तर त्याला परत यायला दुप्पट धावावे लागेल, आणि आपला ७ नंबर त्याच रिकाम्या बाजूला उभा आहे. तो आला तर मी कट्ट्यावरून टाळ्या वाजवीन.

लॅम रोडवाला (शुक्रवार, रात्री ११.००)

नमस्कार. आम्ही हा धागा कालपासून आनंदाने वाचतो आहोत. तुम्ही थ्रोवर एवढा अभ्यास केलात याबद्दल आमच्या ४ नंबरने आभार कळवले आहेत. महिनाभर आम्ही कॉर्नरचा सराव करतो आहोत, एवढेच सांगतो. टॉवेलची कल्पना मात्र चांगली आहे, आम्ही दोन आणू.

मिसळप्रेमी (शुक्रवार, रात्री ११.०४)

घ्या. आता पाच बॅकही आणि पांडवही.

सातपूरकर (शनिवार, सकाळी ६.४५)

लॅम रोडवाल्यांनी कॉर्नरचा सराव केला असेल किंवा नुसतीच हूल दिली असेल. मला त्यात फरक पडण्याचे कारण दिसत नाही, कारण काकांनी सांगितलेली मांडणी, म्हणजे उंच फॉरवर्डच्या पुढे एक, मागे एक आणि ठिपक्यावर एक, कॉर्नरलाही बरीचशी लागू पडते. फक्त तिथे चेंडू वेगाने येणार, म्हणून दोन्ही खांबांवर माणूस हवा. आणि कॉर्नरचा झेंडा भिंतीकडच्या बाजूला असला तरी चेंडू लाथेनेच मारायचा असल्यामुळे भिंतीचा फायदा आपल्याला तिथे मिळणार नाही, हे लक्षात असू द्यावे.

मूळ प्रश्नावर परत येतो. रात्रभर विचार करून मी पाचवा बॅक मागे घेतो. चार बॅक, तीन हाफ, ७ नंबर डावीकडे. पहिल्या हाफमध्ये चेंडू ओला असेपर्यंत पासिंग रस्त्याच्या बाजूने, मुरमावरून करावे. ती बाजू त्या हाफमध्ये आपल्या डावीकडेच येते, म्हणजे ७ नंबरचीही सोय होते. भिंतीच्या बाजूला चेंडू अडकला तर तिथे मात्र बॅकने निःसंकोच बाहेर मारावा, कारण तिथून त्यांना धावून फेकता येत नाही. डावा पाय यांची अट मी निम्मी मान्य करतो: मोकळ्या बाजूला आपल्या अर्ध्या भागात चेंडू बाहेर मारायचा नाही. अगदीच नाइलाज झाला तर गोलरेषेबाहेर मारून कॉर्नर द्यावा, असे काल रात्रीपर्यंत माझे मत होते. हल सिटीच्या गोलीने स्टोकविरुद्ध तेच केले होते. टॉवेलवाल्यांच्या सांगण्यानंतर त्याबद्दल माझी खात्री राहिलेली नाही.

डावा पाय (शनिवार, सकाळी ७.१०)

निम्मी तर निम्मी. ७ नंबरच्या डाव्या पायाबद्दलचे मत मी राखून ठेवतो. हे सगळे आज सायंकाळच्या सरावात मुलांना समोर बसवून सांगावे लागेल, कारण त्यांच्यापैकी एकानेही हा धागा वाचलेला नसणार.

द्राक्षबाग (शनिवार, सकाळी ७.३०)

आज पहाटे बागेत पाने निथळत होती. आकाश निरभ्र आहे आणि वारा नाही, त्यामुळे उद्याही दव पडेल असा माझा अंदाज आहे. कर्णधाराला कोणीतरी आठवण करावी की नाणेफेक जिंकली तर किक-ऑफ मागायचा नाही, पूर्वेच्या गोलवर हल्ला मागायचा आहे. फक्त ‘पश्चिम’ एवढेच सांगितले तर तो घोटाळा करील.

गोलीची आई (शनिवार, दुपारी १२.२०)

द्राक्षबाग दादांचे म्हणणे मुलाला वाचून दाखवले. पश्चिमेच्या गोलमध्ये पहिला हाफ उभे राहायला तो तयार आहे, पण समोरून येणाऱ्या चेंडूसाठी टोपी हवीच म्हणाला. सकाळीच जाऊन आणली. त्याच्या मापाची मिळाली नाही, थोडी सैल आहे, म्हणून मागच्या बाजूने सेफ्टी पिन लावून घट्ट केली आहे.

शिट्टी (शनिवार, दुपारी १२.४५)

ताई, टोपी चालेल, पिन चालणार नाही. टोचेल असे काहीही अंगावर असले तर पंच ते काढायला लावतात, आणि ते ऐन किक-ऑफच्या वेळी नको. त्या जागी दोरा घ्यावा.

गोलीची आई (शनिवार, दुपारी १२.५१)

टाका घालते आहे.